पेढा खडूसारखा लागला तेव्हा... (तल्लफ मारायच्या गोळीचा अनुभव आणि एक प्रश्न)

सातारकरीण

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहायला कारण घडलं.

वय ४३, उंची पाच फूट दोन इंच, जूनमध्ये वजन ७४ किलो. बैठी नोकरी. राहायला मोती चौकाजवळ, म्हणजे संध्याकाळी घरी येताना खवा भाजल्याचा वास चुकवायचा तर अख्खा वळसा घालून यावं लागेल. साताऱ्यात वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको. इथे कुणी पास झालं तरी पेढे, नापास होता होता वाचलं तरी पेढे. ऑफिसात महिन्याला पाच-सहा बॉक्स कुठून ना कुठून येतातच.

माझं दुखणं जेवणाचं नाही, जेवण मोजकं आहे. दुपारी चारला आणि रात्री साडेनऊनंतर जी वखवख सुटते ती आवरत नाही. भूक नसते, पण पाय फ्रिजकडे वळतात. दोन पेढे, उभ्या उभ्या, लाईट न लावता. (लाईट लावला की मोजावे लागतात.)

मैत्रिणीने एक सप्लिमेंट सुचवलं. नाव लिहीत नाही, जाहिरात नको आणि बदनामीही नको. खास तल्लफ कमी करण्यासाठीचं. ६० कॅप्सूल, १,४९९ रुपये. डबीवर ग्लुकोमॅनन (पोटात फुगणारा तंतू), गुडमार अर्क, क्रोमियम, आणि खाली ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ असं काहीतरी. एक सकाळी पावणेआठला, नाष्ट्याच्या अर्धा तास आधी, एक रात्रीच्या जेवणाआधी, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर.

पहिला आठवडा पोटाचा ढोल. मीटिंगमध्ये साहेब बोलत असताना माझ्या पोटाने मध्येच दाद दिली, त्यावर जास्त लिहीत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र फरक पडला. चारच्या चहाबरोबर खारी नकोशी झाली. रात्रीचा फ्रिज आठवड्यातून दोनदा-तीनदा. आठ आठवड्यांनी वजन ७१.४.

आता गंमत. राखीला भाऊ येणार म्हणून अर्धा किलो कंदी पेढे आणले. मला मोठी कॅप्सूल धड गिळता येत नाही, लहानपणापासूनची सवय; एरवी कशीबशी गिळते. त्या दिवशी ती फोडून पावडर चमच्यात घेतली, चाटली, वर पाणी प्यायले. कडूजहर, गवत चावल्यासारखं. तोंडाची चव जावी म्हणून एक पेढा तोंडात टाकला तर खडू! गोडाचा मागमूस नाही, नुसता चिकट ओला खडू. दुसरा खाल्ला, तोही तसाच. मी तडक बॉक्स घेऊन दुकानात. मालक ओळखीचे, त्यांनी त्याच बॉक्समधला पेढा माझ्यासमोर खाल्ला, शांतपणे पाणी प्यायले आणि म्हणाले, “वहिनी, पेढा बरा आहे. तोंड दाखवून घ्या.” चार गिऱ्हाईकं बघत होती. घरी आल्यावर तासाभराने पेढा परत पेढ्यासारखा लागला.

तर प्रश्न असा: डबीत आठ कॅप्सूल उरल्या आहेत. तिसरी डबी घेऊ का? नवरा म्हणतो, गोळीचा काही संबंध नाही, तू पाणी प्यायला लागलीस एवढंच. कुणी असलं काही घेतलंय का?

शेंगदाणा

वाचतोय. (पेढा खात.)

अण्णा_विश्रामबाग

ताई, तुमचं निदान गोडाचं तरी आहे. आम्ही सांगलीकर भडंगाने मेलेले. पाव किलोचं पाकीट फोडलं की तळाचा लसूण बोटाने पुसेपर्यंत थांबणं नाही. त्याला कुठली गोळी?

माझा अनुभव इसबगोलचा. डॉक्टरांनी सांगितलं ते वेगळ्याच कारणासाठी, ते जाऊ दे. रात्री जेवणाआधी दोन चमचे भुशी मोठ्या ग्लासात, ढवळलं की लगेच प्यायचं. मी एकदा फोन आला म्हणून ग्लास ठेवून गेलो, परत आलो तर चमचा त्यात उभा. पण काम करतं. तिसऱ्या भाकरीला हात जात नाही. तुमच्या डबीपेक्षा भुशी कितीतरी स्वस्त.

तिखटजाळ

डाएट दीक्षितांचं की दिवेकरांचं?

(पळतो आता.)

खडीसाखर

अगं सातारकरीण, लाईट न लावता हे वाचून जोरात हसले, कारण मीही तशीच. फक्त माझ्याकडे गुळाचा खडा.

एक विचारू? दुपारचं जेवण किती वाजता आणि रात्रीचं किती वाजता?

वजाबाकी

आकडेमोड करून बघितली. ७४ उणे ७१.४ म्हणजे २.६ किलो. एक किलो चरबीमागे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी धरतात. २.६ गुणिले ७,७०० म्हणजे सुमारे २०,०००. भागिले ५६ दिवस, म्हणजे रोज साधारण ३५७ कॅलरी कमी खाल्ल्या गेल्या.

३५७ म्हणजे किती? रात्रीचे दोन पेढे आणि चारच्या दोन खाऱ्या. बस. तुम्ही जे खाल्लं नाही, त्याचा हिशोब बरोबर जमतो. प्रश्न एवढाच की ते कशामुळे खाल्लं नाही.

आणि इथेच मला शंका आहे. सकाळी पावणेआठला घेतलेली गोळी दुपारी चारची तल्लफ कशी मारेल? आठ तास ती पोटात फुगून बसते का?

सातारकरीण

@खडीसाखर, डबा एक वाजता: एक पोळी, भाजी, काकडी. रात्रीचं जेवण नऊला, नवरा आल्यावर.

@वजाबाकी, ही शंका मला आलीच नव्हती. विचार करते.

@अण्णा, चमचा उभा!

रानवाटा

पेढ्याचा खडू झाला त्याचं कोडं मी सोडवतो, कारण हा प्रयोग मी दरवर्षी मुलांवर करतो.

गुडमार ही आपल्या सह्याद्रीत आढळणारी वेल आहे. नावातच सगळं आलं, गोड मारणारी. संस्कृतात मधुनाशिनी. पानात जिम्नेमिक आम्ल असतं, ते जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या जागा अडवून बसतं. एक-दोन पानं नीट चावून जीभभर फिरवली आणि वर साखर खाल्ली तर साखर वाळूसारखी कचकचते, गोड अजिबात लागत नाही. खारट, आंबट, तिखट जसंच्या तसं लागतं. अर्धा-पाऊण तास, कुणाला तासभर, मग जीभ ताळ्यावर. शिबिरातल्या मुलांना मी आधी पान चावायला देतो, मग चिक्की. त्यांच्या चेहऱ्याचे फोटो काढण्यासारखे असतात.

तेव्हा ताई, तुमच्या डबीतला गुडमार जिभेला फक्त त्या एका दिवशी भेटला, ज्या दिवशी तुम्ही कॅप्सूल फोडलीत. बाकी सगळे दिवस तो कवचात बसून जिभेला वळसा घालून पोटात गेला.

अवांतर: ग्लुकोमॅनन ज्या कंदातून काढतात तो कोंजॅक, आपल्या सुरणाचा सख्खा भाऊबंद, एकाच कुळातला.

अण्णा_विश्रामबाग

तिखट-खारट जसंच्या तसं राहतं म्हणजे भडंगाला मुक्ती नाहीच. ठीक आहे.

शेंगदाणा

दुकानदाराची माफी मागितली का?

पुडीवाला

मिरजेत औषधाचं दुकान आहे, २२ वर्षं काउंटरच्या मागे उभा. त्यामुळे थोडं रागावून लिहितो, वाईट वाटून घेऊ नका.

आधी ती कॅप्सूल फोडणं बंद करा. ग्लुकोमॅनन पाणी शोषून प्रचंड फुगतं, तीच त्याची करामत. कोरडी पावडर किंवा गोळी घोटभर पाण्यावर घेतली आणि घशात, अन्ननलिकेत अडकून तिथेच फुगली तर जीव घाबरा होतो, प्रसंगी बेततंही. म्हणून भरपूर पाणी, आणि झोपायच्या तोंडावर कधीच नाही. गिळायला त्रास होणाऱ्या माणसाने तर याच्या वाटेला जाऊच नये. तुम्ही स्वतःच लिहिलंय की मोठी गोळी गिळता येत नाही.

दुसरं, मात्रा. युरोपात वजनासाठी ग्लुकोमॅननचा दावा करायला परवानगी आहे ती अशी: दिवसाला ३ ग्रॅम, १-१ ग्रॅम तीन वेळा, जेवणाआधी, एक-दोन ग्लास पाण्याबरोबर, आणि मुळात कमी कॅलरीचा आहार चालू असेल तरच. तुमच्या कॅप्सूलमध्ये गुडमार, क्रोमियम आणि ते ‘ब्लेंड’ सगळं कोंबलंय. एका कॅप्सूलमध्ये एकूण माल अर्धा-पाऊण ग्रॅम मावतो. दोन घेतल्या तरी तीन ग्रॅमच्या आसपास तुम्ही पोचत नाही. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’चा मराठी अर्थ: कशात किती ते सांगणार नाही.

तिसरं, डबीवर चौदा आकडी एफएसएसएआय (सरकारी अन्नसुरक्षा परवाना) क्रमांक आहे का बघा. असला तर परवाना आहे एवढंच कळतं, गुण येतो असं नव्हे. नसला तर कचऱ्यात टाका. २०१० साली सिब्युट्रामिन नावाचं भूक मारायचं औषध आपल्याकडे बंद झालं, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो म्हणून. तेच औषध ‘शंभर टक्के हर्बल’ लिहिलेल्या गोळ्यांत लपवलेलं अनेक देशांत तपासणीत पकडलं गेलंय. एखादी हर्बल गोळी दोन दिवसांत भूक गायब करत असेल, छाती धडधडत असेल, झोप उडत असेल, तर खूश होऊ नका.

शेवटचं आणि महत्त्वाचं: बाकी कुठली औषधं चालू आहेत? साखरेच्या गोळ्यांबरोबर गुडमार घेतला तर साखर जास्तच खाली जाऊ शकते.

कोरेगावचा_गडी

लई झालं गोळ्यांचं. आमच्याकडं या, चार दिवस भांगलणीला लावतो. दुपारी बांधावर भाकरी, ठेचा आन् कांदा. रातच्याला पेढा आठवायला डोळं उघडं राहिलं तर सांगा.

खडीसाखर

गडी, भांगलणीहून आल्यावर स्वयंपाक कोण करणार तेही सांगा. आमची रात्रीची वखवख तिथून सुरू होते.

कोरेगावचा_गडी

ते बी खरं हाय ताई. आमची मंडळी हे वाचून हसायली.

जाईजुई

हसण्यावारी नेऊ नका म्हणून लिहिते. माझ्या जाऊबाईंनी गार्सिनियाच्या गोळ्या ऑनलाईन मागवून तीन महिने घेतल्या. घरात कुणाला सांगितलं नाही, लग्नात साडी नीट बसावी एवढीच हौस. एक दिवस डोळे पिवळे. लघवी गडद, अन्नाचा वास नको. आम्ही काविळीचं समजून एक पथ्य, एक जडीबुटी करत बसलो. मिरजेला नेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला की कसल्या गोळ्या, पावडरी, काढे चालू आहेत का. तेव्हा पर्समधून डबी निघाली. बंद केल्यावर दोन महिने लागले लिव्हरचे आकडे जागेवर यायला. लग्न झालं, साडी नेसल्या, पण फोटोत चेहरा बघवत नाही.

रानवाटा

गार्सिनिया म्हणजे मलबारी चिंच, आपल्या कोकमाची चुलत बहीण. केरळात माशाच्या कालवणात घालतात आणि कुणाला काही होत नाही. पण कालवणातली एक फोड वेगळी आणि अर्क काढून, दाबून भरलेल्या दिवसाला चार गोळ्या वेगळ्या. ‘नैसर्गिक’ या शब्दावर फार विसंबू नये. धोतराही नैसर्गिकच आहे.

पुडीवाला

जाईजुई, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. गार्सिनिया घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. सगळ्यांना होत नाही, पण कुणाला होईल ते आधी कळत नाही.

पुण्यातला_सांगलीकर

माझा मार्ग वेगळा, त्याचीही नोंद असू दे. वजन ११८, मधुमेह, गुडघे गेलेले. मार्च २०२५ मध्ये माउंजारो (मधुमेहाचं आणि वजनाचं औषध) भारतात आलं, त्यानंतर काही महिन्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीने सुरू केलं. आठवड्याला एक इंजेक्शन. ताई, तुम्ही ज्याला वखवख म्हणता ती आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाली. ताटात अर्धी पोळी ठेवून उठलो तर आईने कपाळाला हात लावून बघितला. मळमळ आहे, बद्धकोष्ठ आहे, खर्च तर विचारू नका. आणि हे औषध आहे, सप्लिमेंट नव्हे. तुमच्यासारख्या दोन पेढ्यांसाठी नाही.

तिखटजाळ

दोन पेढ्यांसाठी आमच्याकडे सासूबाई आहेत. फ्रिजला कुलूप.

फिरस्ता

अजिंक्यतारा चढा रोज सकाळी. मी सहा वर्षं चढतोय.

शेंगदाणा

@फिरस्ता आणि उतरल्यावर मिसळ खाता ते पण लिहा की. काल पोवई नाक्यावर कोण होतं?

फिरस्ता

एक्स्ट्रा पाव घेतला नव्हता.

अण्णा_विश्रामबाग

अवांतर: ‘कंदी’ हा शब्द गोऱ्या साहेबाच्या कँडीवरून आला असं सांगतात ते खरं का?

शेंगदाणा

सांगणारे सगळे सातारकरच असतात, त्यामुळे खरंच असणार. पण साधा पेढा पांढरट आणि आमचा भाजून तांबूस, कमी साखरेचा. त्यामुळे दोन जास्त जातात. हा पण मुद्दा वजाबाकींनी हिशोबात धरावा.

संपादक

पेढ्याच्या व्युत्पत्तीसाठी वेगळा धागा काढावा. दीक्षित-दिवेकर वाद इथे आणू नये, तो धागा ८०० प्रतिसादांवर बंद केला आहे. औषधांबद्दल निर्णय डॉक्टरांना विचारूनच.

सातारकरीण

दहा दिवसांनी येतेय, माफ करा. सांगण्यासारखं बरंच घडलं.

@पुडीवाला, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून पोटात गोळा आला. मला थायरॉईड आहे, सहा वर्षांपासून सकाळी सहाला उपाशीपोटी गोळी घेते. साखर नाही म्हणून मी निश्चिंत होते, पण मग डबीतली चिठ्ठी पहिल्यांदा भिंग घेऊन वाचली आणि घाबरून रक्त तपासून घेतलं. मार्चमध्ये टीएसएच (हा वाढला म्हणजे थायरॉईड सुस्त) ३.१ होता, आता ८.२ आला. डॉक्टर म्हणाल्या, हे कॅप्सूलमुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण असा तंतू औषध धरून ठेवू शकतो, त्यामुळे थायरॉईडच्या गोळीनंतर निदान चार तास तरी तो घ्यायचा नाही. मी पावणेदोन तासांत घेत होते. कॅप्सूल बंद, सहा आठवड्यांनी परत रक्त तपासायचं. आणि त्यांनी हेही विचारलं की वजन कमी करायला जी गोळी घेतलीस, तिने थायरॉईड सुस्तावला असता तर वजन कुठल्या बाजूला गेलं असतं? मी गप्प.

@वजाबाकी, तुमची शंका मनातून जाईना. सकाळची गोळी चारच्या खारीवर कशी चालते? तर बसून आठवलं. जूनआधी मी नाष्टाच करत नव्हते! सहाला थायरॉईड, सातला चहा, आठला दुसरा चहा, आणि मग थेट एकचा डबा, तोही डाएट म्हणून एक पोळी. डबीवर लिहिलं होतं ‘नाष्ट्याच्या अर्धा तास आधी’, आणि १,४९९ रुपये वाया जाऊ नयेत म्हणून मी नाष्टा करायला लागले. मुगाचं धिरडं, कधी दोन अंडी, कधी मटकीची उसळ. म्हणजे मी गोळीसाठी नाष्टा केला.

आता कॅप्सूल बंद करून नऊ दिवस झाले. नाष्टा चालू आहे. चारला खारी आठवत नाही.

रात्रीचं मात्र खोटं बोलणार नाही. साडेनऊचे पाय अजून फ्रिजकडे वळतात. नऊ दिवसांत चार वेळा.

खडीसाखर

जेवणच नऊला करतेस ना? एक ते नऊ, मध्ये फक्त चहा. पाच-साडेपाचला मूठभर फुटाणे, ताक असं काही घे आणि नवऱ्यासाठी थांबू नकोस. आठला जेवून घे, तो आला की त्याच्यासमोर बस. माझ्या घरी पहिले आठ दिवस तोंड वाकडं झालं, नंतर तोच लवकर यायला लागला.

वजाबाकी

बंद केल्यावर वजन?

सातारकरीण

७१.६. दोनशे ग्रॅम वर, ते सकाळ-संध्याकाळच्या फरकात धरते.

@खडीसाखर, फुटाणे सुरू केले. आठच्या जेवणाची बोलणी चालू आहेत.

पुडीवाला

उरलेल्या आठ कॅप्सूलचं काय केलंत?

सातारकरीण

त्याचीच गोष्ट राहिली. @शेंगदाणा, काल माफी मागायला गेले दुकानात. गुडमारचं सगळं समजावून सांगितलं. मालक लक्ष देऊन ऐकत होते, मग हळूच म्हणाले, “वहिनी, त्यातली एक-दोन मला द्याल? दिवसभर पेढ्यात बसतो, साखर दोनशेच्या पुढे आहे.” मी विचारलं, गोळ्या चालू आहेत का साखरेच्या? म्हणाले, दोन वेळा. मग पुडीवाल्यांनी लिहिलेलं आठवलं. दिली नाही. घरी येऊन सगळ्या मोरीत ओतल्या, वर बादलीभर पाणी.

अण्णा_विश्रामबाग

बादलीभर पाणी? अहो ताई, तो माल फुगतो! मोरी तुंबली तर नवीन धागा काढा.

सातारकरीण

तुंबली. नवरा तार घेऊन बसलाय.

शेंगदाणा

आणि दुकानातून हात हलवत आलात?

सातारकरीण

तीन घेतले, सुटे.

शेंगदाणा

तीनच?

सातारकरीण

घरात तिघं आहोत. लाईट लावून खाल्ले.